कोयतीचे दोष

मालवणच्या किनाऱ्यावर ज्या घरामागें चार माड उभे आहेत, त्या घरांत कोयती नाहीं असें सहसा होत नाहीं. झावळ तोडावयाची, शहाळें तासावयाचें, कुंपणाची काठी टोंकदार करावयाची, चुलीपुरतें लाकूड फोडावयाचें, कीं हात आपोआप तिच्याकडे जातो. माडावर चढणारा गडी तिला कमरेच्या आकडीला अडकवून वर नेतो. त्याच लोहाराच्या हातची विळी, जिला मालवणी बोलींत आदोळी म्हणतात, स्वयंपाकघरांत मांडलेली असते. बांगडा, सुरमई, कोंवळा फणस, सुरण, सारें तिच्यावरच. हीं दोन हत्यारें म्हणजे तेथल्या संसाराचे उजवे-डावे हात होत.

गणपतीस किंवा मे महिन्यांत गांवीं गेलेला चाकरमानी परततांना अशी एखादी कोयती किंवा विळी मुंबईस घेऊन येतो. दोन महिन्यांत तिचे दोष दिसूं लागतात. पातें एका अंगास किंचित् कललेलें, पाठीवर हातोड्याचे खळगे, मूठ खुळखुळणारी, धारेस एक-दोन खांडे, वर गंजाचे तांबूस ठिपके. शेजारीं दुकानांतली चकचकीत सुरी ठेवली म्हणजे तर हें हातचें काम अगदींच गांवढळ वाटतें. मग दोहोंपैकीं एक गोष्ट होते. हत्यार माळ्यावर जातें, नाहीं तर धार लावणाऱ्याच्या विजेच्या चाकावर जातें. पहिल्यांत नुकसान आहे. परंतु दुसऱ्यांत अधिक आहे, कारण माळ्यावरची कोयती निदान जशीच्या तशी राहते.

हातच्या हत्यारांत दोष असावयाचेच. प्रश्न इतकाच कीं, कोणता दोष नुसता दिसण्यांतला, कोणता घरीं काढतां येण्याजोगा, कोणता लोहाराकडेच नेण्याजोगा, आणि कोणता असा कीं ज्यापायीं तें हत्यार हातांत धरणेंच धोक्याचें. हा निवाडा करावयाचा तर लोहाराच्या भट्टींत काय घडतें तें थोडें समजून घ्यावें लागतें.

कोंकणच्या मातींत लोखंडाला तोटा नाहीं. जांभ्या दगडाचा तांबडा रंग हा लोखंडाच्या गंजाचाच रंग होय, आणि वेंगुर्ले तालुक्यांत रेडी येथें लोहखनिज सांपडतें. पूर्वीं सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वराच्या बाजूस धावड लोक दगडांतून लोखंड गाळीत असत. आजचा खेड्यांतला लोहार मात्र खनिजाच्या वाटेस जात नाहीं. त्याच्या ऐरणीवर येतें तें बहुधा मोडींत निघालेल्या मालमोटारीच्या पाट्याचें पोलाद. गाडीचा भार वर्षानुवर्षें झेलून पुन्हां पूर्ववत् होणारा हा पाटा मुळांतच उत्तम पोलादाचा असतो. त्यांत कर्बाचें प्रमाण शेंकडा अर्ध्याहून थोडें अधिक, म्हणजे शंभर तोळे पोलादांत अर्ध्या तोळ्याच्या थोडें वर. एवढ्याशा कर्बावर सारी कोयती अवलंबून असते. पूर्वीं पोलाद महाग होतें, तेव्हां मऊ लोखंडाच्या पात्यांत धारेपुरती पोलादाची पट्टी सांधीत. घरोघर वाडवडिलांपासून आलेल्या जुन्या विळ्यांत असें काम अजून पहावयास मिळतें.

आतां 'पाणी देणें' म्हणजे काय? लोहार पातें भट्टींत लाल करतो. सुमारें सव्वासातशें अंश सेंटिग्रेडच्या वर पोलादाची अंतर्रचना पालटते आणि कर्ब लोखंडांत विरघळूं लागतो. आणखी थोडें तापलें, म्हणजे सुमारें ७७० अंशांवर, लोहचुंबक त्यास ओढीनासा होतो. कित्येक कारागीर याच खुणेवर विसंबतात. अशा स्थितींत पातें पाण्यांत किंवा तेलांत बुडविलें कीं कर्बास पुन्हां वेगळें होण्यास अवधि मिळत नाहीं. तो लोखंडाच्या कणांत कोंडला जातो, आणि पोलाद कांचेसारखें कठीण होतें. पण कांचेसारखेंच ठिसूळहि. या कोंडलेल्या रचनेस आडोल्फ मार्टेन्स या जर्मन शास्त्रज्ञाच्या नांवावरून मार्टेन्साइट असें नांव पडलें आहे.

अशी कोयती लाकडावर मारली तर धारेचे तुकडे उडावयाचे. म्हणून लोहार ती पुन्हां हळूहळू तापवितो आणि तिचें थोडें पाणी उतरवितो. घांसून उजळ केलेल्या पात्यावर या वेळीं रंग चढत जातात: सुमारें २२० अंशांवर वाळल्या गवतासारखा पिंवळा, २६० च्या आसपास तपकिरी, मग जांभळा, आणि ३०० च्या सुमारास निळा. पिंवळ्यावर थांबलें तर धार फार काळ टिकते, पण खांडे पडण्याची भीति. निळ्यापर्यंत गेलें तर चिवटपणा येतो, पण धार लौकर बोथटते. भाजीच्या विळीस पिंवळा किंवा तपकिरी, लाकडावर चालणाऱ्या कोयतीस जांभळा किंवा निळा, हा विवेक चांगल्या लोहाराच्या डोळ्यांत असतो. उष्णतामापक त्याच्यापाशीं नसतो. भट्टीच्या खोपटांत अंधार असतो तो निष्काळजीपणामुळें नव्हे. भर उन्हांत तापल्या लोखंडाचा रंग नीट पारखतांच येत नाहीं. मराठींत एखाद्याचें पाणी जोखतात, एखाद्याचें पाणी उतरवितात. कोयतीच्या बाबतींत हे दोन्हीं शब्दप्रयोग अक्षरशः खरे आहेत.

एवढें ध्यानांत आलें म्हणजे दिसण्यांतले दोष प्रथम बाजूस सारतां येतात. हातोड्याचे खळगे, पाठीवरील काळी खपली, एका बाजूस किंचित् जाड असलेलें पातें, यांनीं कांहींएक बिघडत नाहीं. काळी खपली तर काढूंच नये. ती थोडाबहुत गंज अडवितें असें आवरण आहे. पातें वांकडें असणें हाहि पुष्कळदां निरुपद्रवी दोष असतो. लाल पातें बुडवितांना त्याची एक बाजू आधीं थंड झाली, कीं तें मुरडतें. जपानी तलवारीचा डौलदार बांक याच कारणानें येतो. तेथले कारागीर पाठीवर मातीचा जाड लेप देतात, त्यामुळें पाठ सावकाश आणि धार झपाट्यानें थंड होते. तिकडे ती कला ठरली आणि इकडे तो दोष ठरला, इतकाच फरक. कोयतीच्या टोंकास अर्धा सूत कल असला तर तोडण्याच्या कामांत तो कळतहि नाहीं. मासळीच्या लांब सुरीस मात्र तो नडतो, कारण सुरमईची तुकडी त्यामुळें तिरपी पडते. असा कल काढावयाचा असल्यास लोहारानेंच काढावा. पाणी उतरवितांना पातें गरम असतें, त्या वेळीं तें लाकडाच्या ठोकळ्यावर बेतानें सरळ करतां येतें. थंड आणि कठीण पातें घरीं फरशीवर ठेवून हातोड्यानें ठोकणारा गृहस्थ एका दोषाच्या जागीं दुसरा, आणि तोहि जिवावरचा, उत्पन्न करतो.

नवी कोयती धार धरीत नाहीं, ही तक्रार सर्वांत अधिक ऐकूं येते. तिच्यांत तथ्य असतें, पण निष्कर्ष चुकीचा असतो. भट्टींत पुनःपुन्हां तापल्यामुळें पात्याच्या अगदीं वरच्या पापुद्र्यांतील कर्ब जळून जातो, आणि तेवढा पापुद्रा मऊ राहतो. पहिली धार या मऊ थरावरच लागलेली असते. चार-पांच वेळां दगडावर नीट घांसल्यावर आंतलें खरें पोलाद वर येतें आणि तीच कोयती शहाण्यासारखी वागूं लागते. म्हणून नव्या हत्याराचा निकाल पहिल्या महिन्यांत लावूं नये.

त्यानंतरहि धार बिघडतच राहिली, तर ती कशी बिघडते इकडे लक्ष द्यावें. धारेचा कण तुटून खांडा पडला असेल, तर पातें फार कठीण राहिलें आहे. धार तुटली नसून एका बाजूस मुडपली असेल, तर पातें मऊ आहे. या दोन दोषांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत, आणि लोहाराकडे जातांना यांतला कोणता आहे हें सांगतां आलें म्हणजे अर्धें काम झालें. खात्रीसाठीं नवी कानस धारेजवळ हलकेंच ओढून पहावी. ती न चावतां कांचेवरून सरकावी तशी सरकली तर पाणी उतरविण्याचें राहून गेलें असें समजावें. लोण्यांत रुतावी तशी रुतली तर पाणी बसलेलेंच नाहीं.

मऊ पात्यास घरगुती इलाज नाहीं. त्यास पुन्हां भट्टींत घालून पाणी द्यावें लागतें. फार कठीण राहिलेल्या लहान सुरीचा किंवा विळीच्या पात्याचा उपाय मात्र शहरांतल्या स्वयंपाकघरांतहि होऊं शकतो. मूठ किंवा पाट काढून नुसतें पातें केक भाजण्याच्या विजेच्या भट्टींत सुमारें २०० ते २२० अंशांवर एक तास ठेवावें, बाहेर काढून निवूं द्यावें, आणि पुन्हां एकदां तसेंच करावें. कोयतीस एवढी उष्णता पुरत नाहीं. तिला जांभळ्या-निळ्या रंगापर्यंत न्यावें लागतें, आणि तें लोहाराचेंच काम.

आतां त्या विजेच्या चाकाविषयीं. कोरड्या चाकावर पातें टेंकलें कीं ठिणग्यांचा फवारा उडतो आणि पाहणाऱ्यास वाटतें, काय झकास धार लागते आहे! घर्षणाची उष्णता पात्याच्या जाड भागांत पसरून जाते. पण धारेशीं पातें कागदासारखें पातळ असल्यामुळें तिला जाण्यास वाट नसते. पाहतां पाहतां धारेच्या कडेवर निळसर झांक उमटते. निळा रंग म्हणजे ३०० अंश, हें वर आलेंच आहे. जी विळी लोहारानें पिंवळ्यावर थांबविली होती, ती धार लावणाऱ्यानें दोन पळांत निळ्यावर नेली. मागाहून ती पाण्यांत बुडविल्यानें गेलेलें पाणी परत येत नाहीं, कारण पुन्हां पाणी देण्यासाठीं ती लाल व्हावी लागते. घरीं आणल्यावर चार दिवस विळी वस्तऱ्यासारखी चालते आणि पांचव्या दिवशीं टोमॅटो दाबूं लागते. मग ती पुन्हां चाकावर जाते. पातें अरुंद होत जातें आणि दोष मात्र लोहाराच्या माथीं बसतो. अशी विळी पुढच्या खेपेस गांवीं नेली, कीं लोहार ती हातांत घेतांच विचारतो, "वयनी, हिका मशिनार लावलात काय?" त्याला सांगावें लागत नाहीं, धारेकांठचा रंगच सांगतो.

यावर उपाय आहे, पण तो घाईचा नाहीं. रंग दिसतो त्याच्या थोडें आंतपर्यंतचा भाग ओल्या दगडावर हातानें घांसून काढून टाकावा. आधीं खरबरीत दगड, मग बारीक. दगड सदा ओला. कोयतीस दोन्हीं बाजू मिळून चाळीस-पन्नास अंशांचा कोन ठेवावा, स्वयंपाकाच्या सुरीस तीस-पस्तीसांचा. लहान खांडेहि असेच निघतात. मोठा खांडा काढण्यासाठीं सारी धार मागें घेत बसण्यापेक्षां तो तसाच राहूं द्यावा. दर वेळच्या धारेबरोबर तो आपोआप लहान होत जातो. कोयतीच्या धारेस दोन खांडे असले म्हणून झावळ तुटावयाची राहत नाहीं. धार फारच जाड झाली असेल तर लोहाराकडून हत्यार शेवटून घ्यावें, म्हणजे तापवून, धारेचा भाग ठोकून पातळ करून, पुन्हां पाणी देऊन घ्यावें. गांवांत हें काम पावसाळ्याच्या तोंडाशीं लोहारापाशीं रांग लावून होत असे. बारा बलुतेदारांत लोहारास जें मानाचें स्थान होतें तें नवीं हत्यारें करण्यापेक्षां जुनीं चालतीं ठेवण्यामुळेंच अधिक.

येथवरचे दोष सोसण्याजोगे किंवा काढण्याजोगे. तड्याचें तसें नाहीं. मोटारीचा पाटा लाखों हेलकावे खाऊन मोडींत आलेला असतो, आणि त्यांत डोळ्यांस न दिसणाऱ्या चिरा असूं शकतात. शिवाय पाण्यांत एकदम बुडवितांना चांगलें पोलादहि कधीं कधीं तडकतें. तेलांत बुडविलें तर ही भीति कमी. तडा ओळखण्याची एक रीत आवाजाची. मूठ नसलेलें पातें दोऱ्यानें टांगून लहानशा लोखंडी सळईनें वाजवावें. निर्दोष पातें घंटेसारखें निनादतें, तडकलेलें बद्द बोलतें, मडकें घेतांना वाजवून पाहतात तसेंच. दुसरी रीत अधिक भरंवशाची आणि मूठ न काढतां करतां येण्यासारखी. पातें स्वच्छ पुसून त्यावर रॉकेल चोळावें, पंधरा मिनिटें थांबावें, मग कोरड्या फडक्यानें अगदीं कोरडें करून वर खडूची बारीक पूड भुरभुरावी. तडा असल्यास त्यांत मुरलेलें रॉकेल वर येतें आणि पांढऱ्या पुडींत एक ओली रेघ उमटते.

ही रेघ धारेला समांतर आणि धारेच्या अगदीं जवळ असेल तर तेवढा भाग घांसून काढतां येतो. पण ती धारेपासून पाठीकडे आडवी जात असेल, तर त्या कोयतीचें आयुष्य संपलें. पुष्कळ लोक अशा वेळीं ती वेल्डिंगच्या दुकानांत नेतात. तेथें तडा बुजलेला दिसतो, आणि घोटून वर रंगहि लावून मिळतो. पण वेल्डिंगच्या झळेनें सांध्याच्या दोहों बाजूंस पोलादाची एक अरुंद पट्टी पुन्हां कांचेसारखी ठिसूळ झालेली असते, आणि ती पुढें नीट तापवून उतरविण्याचें कोणीच मनावर घेत नाहीं. अशी कोयती घेऊन एखादा गडी तीस-चाळीस हात उंच माडावर चढला आणि पहिल्याच घावास पातें सांध्यापाशीं तुटलें, तर तो अर्धा तुकडा कोणाच्या अंगावर येईल याचा नेम नाहीं; खालीं नारळ वेंचणारीं मुलें असतात. येथें काटकसर करणें गैर आहे. चार दिवसांच्या मजुरीची वस्तु वांचविण्यासाठीं दुसऱ्याचा जीव टांगणीस लावण्याचा अधिकार घरधन्यास नाहीं. तडकलेल्या पात्याचा धड राहिलेला तुकडा लोहार आनंदानें घेतो आणि त्यांतून एखादी लहान सुरी काढून देतो.

मुठीचा दोष किरकोळ मानला जातो, पण अपघाताचें भय तेथेंहि तितकेंच. पात्याची निमुळती शेंपटी मुठींत घुसलेली असते, आणि जुन्या पद्धतींत ती तापवून लाखेंत बसवीत. लाख उकळत्या पाण्याच्या उष्णतेच्या आंतच मऊ पडते; म्हणून अशी सुरी कढत पाण्यांत बुडवून ठेवली कीं मूठ सैल झालीच म्हणून समजावें. दुसरें कारण हवेचें. कोंकणांतल्या पावसाळ्यांत फुगलेलें लाकूड उन्हाळ्यांत आक्रसतें. सैल मूठ पाण्यांत बुडवून घट्ट करण्याची एक युक्ति प्रचारांत आहे. ती दोन दिवस चालते आणि आंतली शेंपटी मात्र कायमची गंजते. त्याऐवजीं मूठ ओढून काढावी, शेंपटीवरचा गंज खरवडावा, भोंक कोरडें करून त्यांत लाखेची पूड भरावी, आणि शेंपटी गरम करून आंत बसवावी. तापवितांना पात्याभोंवतीं ओलें फडकें गुंडाळावें, म्हणजे धारेचें पाणी उतरत नाहीं. लाख न मिळाल्यास दोन नळ्यांतील द्रव मिसळून करतात तो बाजारी डिंकहि उत्तम काम देतो. जुनें तेंच चांगलें असा हट्ट येथें नको. मूठच चिरली असेल तर खैर किंवा शिसवाची नवी घालावी, आणि तोंडाशीं लोखंडी कडें बसविण्यास विसरूं नये.

राहतां राहिला गंज. किनाऱ्यावर तो टळणें नाहीं. सिंधुदुर्गांत वर्षास सुमारें तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि समुद्रवाऱ्यांतील मीठ पात्यावर बसून हवेंतला ओलावा ओढून घेतें. हॅरी ब्रिअर्ली यानें १९१३ सालीं शेफील्ड येथें क्रोमियम घातलेलें न गंजणारें पोलाद तयार केलें, तेव्हांपासून स्वयंपाकघरांतून साधें पोलाद मागें पडत गेलें, आणि भाजी-फळांच्या सुरीपुरतें तें ठीकच झालें. साध्या पोलादाशीं संसार करावयाचा तर दोन रंगांतला भेद ओळखावा. तांबडा गंज खपलीखपलीनें सुटतो आणि आंतआंत खात जातो; तो राखेनें किंवा विटेच्या भुकटीनें घांसून काढलाच पाहिजे. पण केळफूल, कच्ची कैरी, फणस चिरून चिरून विळीवर जी निळसर काळी छटा चढते, ती गंजाची नव्हे तर त्याच्या वाटेंतली भिंत आहे. ती घांसून चकचकीत करण्याचा सोस व्यर्थ. पहिले कांहीं दिवस केळफूल काळें पडतें, चवीस लोखंडाचा वास येतो. छटा चढल्यावर दोन्हीं कमी होतात. गंजलेलें लागलें कीं धनुर्वात होतो अशी समजूत आहे. धनुर्वाताचे जंतु मातींत आणि शेणांत असतात, गंजांत उत्पन्न होत नाहींत. परंतु अंगणांतल्या मातींत पडलेली कोयती लागली तर ती गंजलेली असो वा नसो, लस टोंचून घेणें अवश्य आहे.

मासळी कापून झाल्याबरोबर विळी गोड्या पाण्यानें धुवावी, चुलीच्या किंवा शेगडीच्या उबेस क्षणभर धरून कोरडी करावी आणि खोबरेल तेलाचें बोट फिरवावें. पाऊस संपतां संपतां आश्विनांत खंडेनवमी येते. हत्यारें पूजेस मांडण्यापूर्वीं घांसूनपुसून घेण्याची चाल आहे, आणि किनाऱ्यावर चार महिन्यांच्या दमट हवेनंतर याहून योग्य दिवस सांपडणार नाहीं. रॉकेल-खडूची परीक्षाहि त्याच दिवशीं उरकून घ्यावी. नंतर कोयती गोणपाटांत गुंडाळूं नये किंवा चामड्याच्या म्यानांतहि ठेवूं नये. दोन्हीं ओल धरून राहतात. चुलीजवळच्या भिंतीवर, मुलांचा हात पोंचणार नाहीं अशा खुंटीस, धार भिंतीकडे करून ती टांगावी.